शिडांची वखार आणि सुंभाचा दोर

आमच्या बंदरपेठेत एके काळी माणसांना जागा मिळत नसे. मी नोकरीला लागलो तेव्हा जागांना माणसं मिळत नव्हती. माझी नोकरी नगरपालिकेत ओव्हरसियरची, म्हणजे गटारं, रस्ते, विहिरींचे कठडे आणि लोकांच्या तक्रारी. पण मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, ह्या सगळ्यापेक्षा जास्त मी रिकाम्या इमारतींना बिऱ्हाडं शोधण्याचं काम केलं. मुलीचं स्थळ बघावं तशी इमारतीसाठी स्थळं बघायची. इथेही मुलीकडची बाजू गरीब आणि येणारा पाहुणा खोड काढणारा!

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की ह्या इमारती रिकाम्या का पडल्या. मालवण किनाऱ्यावरचा सगळा व्यापार पूर्वी गलबतांवर चाले. गलबतातून कौलं यायची, मीठ यायचं. परत जाताना नारळ, काथ्या, सुकी मासळी जायची. त्यासाठी धक्क्यालगत चिऱ्यांच्या दणकट वखारी उभ्या होत्या. मग घाटातून ट्रक यायला लागले. ट्रकाला भरती-ओहोटी लागत नाही, वारा लागत नाही, आणि पावसाळ्यात तो किनाऱ्यावर ओढून ठेवावा लागत नाही. पाहता पाहता व्यापार बंदराकडे पाठ करून हमरस्त्याकडे तोंड करून बसला. वखारींचे मालक मुंबईला गेले, काहींनी कर थकवून जागा नगरपालिकेच्या गळ्यात घातल्या, आणि नगरपालिकेने त्या माझ्या.

माझ्याकडे गिऱ्हाइकं येत ती एकेक अशी, की सांगून खरं वाटू नये. एक फिरत्या सिनेमाचे मालक आले होते. त्यांना जुन्या कोर्टाचा हॉल पसंत पडला. छत उंच, खिडक्या मोठ्या, सगळं छान. पहिल्याच खेळाला कळलं की हॉलमध्ये प्रतिध्वनी जबरदस्त. पडद्यावर नायक म्हणाला, "मी येईन," तर मागच्या भिंतीतून दोनदा उत्तर आलं, "येईन, येईन." पुढे खलनायक आला तेव्हा लोक हसून हसून बाकावरून खाली. मालक तंबू घेऊन नांदगावकडे निघून गेले. पण त्याच हॉलमध्ये नंतर दशावतारी मंडळींनी प्रयोग केला, तेव्हा तोच प्रतिध्वनी राक्षसाच्या आवाजाला असा शोभला की पुढच्या बाकांवरची पोरं आयांच्या मांडीत शिरली. इमारतीत दोष असतोच असं नाही, कधी नुसतं स्थळ चुकलेलं असतं, हे मला तिथे कळलं.

बंदुकीच्या दारूचं एक जुनं कोठार होतं. भिंती दीड हात जाड, खिडकी एकसुद्धा नाही. ते कोणीच घेईना. शेवटी मासळीच्या एका व्यापाऱ्याने त्यात भुसा पसरून बर्फाच्या लाद्या ठेवल्या. ज्या भिंती आग आत शिरू नये म्हणून बांधल्या, त्या ऊनही आत येऊ देईनात. वैशाखातसुद्धा तिथला बर्फ टिके. त्या व्यापाऱ्याने मला दर दिवाळीला एक सुरमई पाठवली, आणि ती मी आनंदाने खाल्ली.

सगळंच जमलं असं नाही. कस्टमची जुनी कचेरी, तिची ती समुद्राकडची लाकडी गॅलरी, माझ्या डोळ्यांदेखत उतरवली गेली. तिथे आज मोटारस्टँड आहे. लोकांना स्टँड हवाच होता, त्यांना बोल लावता येत नाही. पण कधी एसटीची वाट बघत तिथे उभा असलो की मान आपोआप वर जाते, आणि वर नुसतं आभाळ असतं.

आज मात्र लिहायचं आहे ते शिडांच्या वखारीबद्दल.

धक्क्याला लागून ही वखार होती. बाकीच्या वखारी आखूड आणि उंच, ही मात्र आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब. हिच्यात माल ठेवत नसत. गलबतांची शिडं जमिनीवर पसरून इथे शिवायची, डागडुजी करायची, आणि पावसाळ्यात घडी घालून ठेवायची. शीड पूर्ण पसरता यावं म्हणून मधे एकही खांब नव्हता. दोन्ही बाजूंना सागवानी खांबांच्या रांगा, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर लाकडी कैच्या आणि वर कौलं. खांबांमधल्या जागा नंतर कोणीतरी चिऱ्यांनी भरून घेतल्या होत्या.

ही वखार झुकली होती. समुद्राकडचा वारा वर्षानुवर्षं एकाच बाजूने ढोसत राहिला की लाकडी सांगाडा हळूहळू गावाच्या बाजूला कलतो. मी ओळंबा लावून पाहिला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, ते खोटं बोलत नाही. खांबाचं डोकं पायापासून चांगलं वीतभर सरकलं होतं. नगरपालिकेत ठरत आलं होतं की पावसाळ्यापूर्वी ती उतरवायची आणि चिरे, सागवान नव्या बाजारासाठी वापरायचं. आमचे नगराध्यक्ष सज्जन माणूस. पण पडकी इमारत कोणाच्या डोक्यावर कोसळली तर काय, ही त्यांची भीती खरी होती. मला मोजमापं घ्यायला पाठवलं. टेप धरायला वखारीत मदतीला माणूस होताच. जयराम तांडेल.

तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. जयराम ज्या गलबतावर तांडेल होता, ते गलबत मोडीत निघून बरीच वर्षं झाली होती. तरी तो रोज सकाळी वखारीत येई, उंबऱ्यावर बसे आणि दुपारी जेवायला घरी जाई. त्याला कोणी नेमलं नव्हतं. मी मोजमापं घेतो आहे हे पाहून त्याने टेपचं टोक मुकाट्याने धरलं, आणि सगळं मोजून झाल्यावर विचारलं, "कित्याक मोजतात?"

मी खरं ते सांगितलं.

त्याने टेपचं टोक खाली ठेवलं. मग म्हणाला, "गलबतां परत येतली तेव्हा तेंची शिडां खंय ठेवतल्यात? तुमच्या कचेरीत?"

गलबतं परत येणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याच्या आवाजात अशी काही जरब होती, की मी टेप गुंडाळून निघालो.

त्याच आठवड्यात चंद्रभागा कचेरीत आली. खाडीकाठच्या वाडीतली ही विधवा बाई. तिच्यासारख्या पंचवीस-तीस बायका काथ्याचं काम करत. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत घालायची, मग मोगरीने बडवून त्यातला काथ्या मोकळा करायचा, आणि तो वळून सुंभ करायचा. सुंभ वळताना बाई उलटी चालते. एक टोक पीळ देणाऱ्या चाकाला, म्हणजे रहाटाला, दुसरं तिच्या हातात, आणि ती काथ्या सोडत सोडत मागे मागे जाते. जितकी जागा लांब, तितका सुंभ लांब. हे सगळं काम उघड्यावर, माडांच्या खाली. पाऊस सुरू झाला की बंद.

"ओव्हरसियरानू," ती म्हणाली, "आमका पावसात बसाक जागा व्हयी. चार म्हयने आमी हात बांदून बसतंव. श्रावणात घरातली भांडी एकेक करून गहाण जातत. मगे दिवाळीपासून पुढे ती सोडवक परत सुंभ वळूचा."

मी तिला दोन-तीन जागा सुचवल्या. तिने मान हलवली. "आकूड आसत. चार पावलांत मागची भिंत पाठीक लागता."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुर्चीवरून उठलोच. "चल माझ्याबरोबर," म्हटलं.

ती शिडांच्या वखारीच्या दारात उभी राहिली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिने चपला काढल्या. ह्या टोकापासून पाठमोरी चालायला लागली, हातात काथ्या नसताना हात मात्र वळत होते. पार दुसऱ्या टोकाला जाऊन तिची पाठ भिंतीला टेकली तेव्हा ती तिथूनच मोठ्याने हसली.

जयराम उंबऱ्यावर होता. "ह्या काय?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं. तो उठून उभा राहिला. "ही शिडांची जागा आसा. हय सोडणां बडवची नाय."

मला वाटलं, आता भांडण होणार. चंद्रभागा सावकाश चालत आली, त्याच्यासमोर थांबली, आणि पदर सावरून म्हणाली, "तांडेलानू, शिडां परत येतली त्या दिवशी आमी आपापली रहाटां उचलून भायर जातंव. माझ्या पोरांची शपथ. पण तवसर ही उबी तर ऱ्हवाक व्हयी ना? हे तिका पाडूक निघाले आसत."

जयरामने तिच्याकडे पाहिलं, मग झुकलेल्या खांबांकडे. त्याने एका खांबावर तळवा टेकवला. शेवटी मला म्हणाला, "ओळंबो परत लावा बघू एकदा."

मी नगराध्यक्षांकडे गेलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि रत्नागिरीहून इंजिनिअर बोलावला, कारण तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच. इंजिनिअर तरुण, पण घाईचे नव्हते. प्रत्येक खांबाच्या बुडाशी त्यांनी सुरी खुपसून पाहिली. लाकूड घट्ट निघालं. ते म्हणाले, "सांगाडा जिवंत आहे. पण अशा अवस्थेत मी आत माणसं बसवू देणार नाही. कौलं उतरवा, मधले चिरे काढा, सांगाडा सरळ ओढा आणि कोपऱ्याकोपऱ्यात तिरके आधार द्या. मृगापूर्वी झालं तर मी सही करतो. नाही झालं तर पाडा."

"ओढायचा कशाने?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"त्यासाठी यंत्र लागेल," इंजिनिअर म्हणाले, "आणि ते इथवर कसं आणायचं ते मला माहीत नाही."

मी जयरामकडे पाहिलं. तो धक्क्याकडे बघत होता. धक्क्यावर गलबतं बांधायचे दगडी खुंट होते, जमिनीत खोलवर रुतलेले. तिथून वखार हाकेच्या अंतरावर. गलबताची डोलकाठी उभी करणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होतो? वखारीच्या माळ्यावर जुन्या कप्प्या पडल्या होत्या, म्हणजे दोर ओढायच्या लाकडी चाक्या. चार-पाच कप्प्या जोडल्या की दहा माणसांचं बळ चाळीस-पन्नास माणसांचं होतं.

अडलं ते दोरावर. माळ्यावरचे जुने दोर उंदरांनी आणि वर्षांनी खाल्लेले. बाजारातून एक आणला, पण पहिल्याच ताणाला तो मधोमध तुटला. तुटलेलं टोक सापासारखं सणसणत गेलं आणि जयरामच्या एका जुन्या खलाशाच्या दंडावर वळ उठवून गेलं. मी घाबरलो. थोडं वर लागलं असतं तर डोळा गेला असता. त्या दिवशी काम थांबवलं. नगराध्यक्षांनी निरोप पाठवला की जपून, माणसाच्या जिवापुढे वखार मोठी नाही. त्यांचं बरोबर होतं. मी रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागा पुढे आली. "आमी वळतंव दोर."

जयराम हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, दमलेपण होतं. "सुंभान कुंपणाची वय बांदतत गो. वखार ओढनत नाय."

"तर मगे तुमीच सांगा किती जाड व्हयो. तितको वळतंव."

आणि जयरामने सांगितलं. इतकंच नाही, तर तो किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. गलबताच्या दोराला पीळ कसा देतात, एक पदर उजवीकडे वळला की तीन पदरांचा एकत्र पीळ डावीकडे का द्यायचा, म्हणजे दोर स्वतःहून उलगडत नाही, हे सगळं त्याने बायकांना दाखवलं. बायकांना सुंभ माहीत होता, त्याला दोरखंड माहीत होता. वाळूवर मोजून ठेवलेल्या अंतरात त्या सगळ्या उलट्या चालत होत्या, आणि हा त्यांच्यामध्ये हात हलवत, ओरडत, कधी रागावत, कधी मान डोलवत फिरत होता. इतका बोलताना मी त्याला पूर्वी कधी पाहिला नव्हता. चंद्रभागेने एका पदरात ढिला काथ्या घातला तर त्याने तो उलगडायला लावला. तिने तो उलगडून परत वळला.

दोर तयार झाला तेव्हा त्याने तो धक्क्यावरच्या खुंटाला बांधला, आठ खलाशांना ओढायला लावलं, आणि स्वतः कान लावून बसला. दोर तुटायच्या आधी कुरकुरतो म्हणे. दोर कुरकुरला नाही. जयराम उठला आणि बायकांसमोर नुसता म्हणाला, "बरो झालो." चंद्रभागेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पटकन वळून रहाट आवरायला लागली.

सांगाडा ओढायला लागलो ती सकाळ मला काल घडल्यासारखी आठवते. अख्खी पेठ जमली होती. कौलं उतरलेली, चिरे काढलेले. नुसता लाकडी सांगाडा उन्हात उभा, मांस काढलेल्या माशासारखा. दोर तुळयांना बांधले, कप्प्यांतून फिरवून धक्क्यावरच्या खुंटांपर्यंत नेले. दोराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, ही माझी पहिली ताकीद. लोकांना मागे सारलं. मी खांबाशी ओळंबा घेऊन बसलो. जयराम धक्क्यावर उभा.

एकदम ओढलं तर लाकूड फाटतं. थोडं ओढायचं, थांबायचं, लाकडाला सवय होऊ द्यायची, मग पुन्हा. जयरामने आरोळी दिली. खलाशांनी उत्तर दिलं. गलबतं बंद पडल्यापासून त्या धक्क्यावर अशी आरोळी उठली नव्हती. पेठेतले म्हातारे दुकानं सोडून बाहेर आले. वखारीतून करकर असा आवाज आला, आणि माझ्या ओळंब्याचं वजन खांबाकडे नखभर सरकलं.

"सरकली!" मी ओरडलो. मला नोकरीत इतक्या मोठ्याने ओरडल्याचं आठवत नाही.

दोन दिवस हे चाललं. मधे एकदा एका जोडणीतून फट्कन आवाज आला आणि जयरामने हात वर करून ओढणं थांबवलं. पाहिलं तर जुनी लाकडी खुंटी निघाली होती. सुताराने दुसरी ठोकली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळंब्याची दोरी आणि खांबाची कड एकमेकांना समांतर झाली. मी दोनदा तपासलं. मग इंजिनिअरांना बोलावून त्यांच्या हातात ओळंबा दिला. त्यांनी सगळे खांब फिरून पाहिले, आणि परत येऊन पहिल्यांदा जयरामशी आणि मग चंद्रभागेशी हात जोडून बोलले. मला म्हणाले, "हे मला लिहून द्या. मला पुढे उपयोगी पडेल." आधार ठोकले, चिरे पुन्हा चढवले, कौलं पसरली. मृगाला अजून अवधी होता.

पुढे देवगडहून, वेंगुर्ल्याहून लोक मला विचारायला येत, "आमच्याकडेय एक रिकामी वखार आसा, तिका काय करूचा?" मी जात असे. काही जमलं, काही नाही. पण प्रत्येक ठिकाणी मी आधी एकच गोष्ट विचारायला शिकलो: ही इमारत मुळात कशासाठी बांधली? बहुतेक वेळा त्यातच उत्तर असे. ह्या शहाणपणाचं श्रेय माझं नाही. एका बाईने चपला काढून पाठमोरं चालून मला ते दाखवलं. मला आयुष्यात जे काही शिकवलं ते अशाच माणसांनी, आणि त्यांपैकी कोणीही आपण शिकवतो आहोत असं कधी दाखवलं नाही.

एक शेवटची आठवण सांगून थांबतो.

त्याच वर्षीचा आषाढ. सकाळपासून समुद्र खवळलेला, आणि दुपारी पश्चिमेकडून असा वारा सुटला की कचेरीची खिडकी माझ्या टेबलावर येऊन आदळली. मला दुसरं काही सुचलं नाही. छत्री उलटी झाली ती तशीच टाकून मी धक्क्याकडे धावत सुटलो. रस्त्यावर माडाच्या झावळ्या पडलेल्या, कुणाच्या तरी अंगणातलं कुंपण आडवं झालेलं. सही इंजिनिअरांनी केली होती, पण आत पंचवीस-तीस बायका होत्या आणि त्यांना त्या छपराखाली मी बसवलं होतं.

वखारीचं दार बंद होतं. मी ते ढकललं आणि आत जाऊन उभा राहिलो, अंगावरून पाणी निथळत.

आत रहाट चालू होते. बायका ओळीने उलट्या चालत होत्या, गप्पा मारत, कोणी हसत. एका कोपऱ्यात जयराम पोत्यावर बसून वळलेला दोर हाताखालून घालत तपासत होता. वर वारा घुमत होता आणि खांब जागचा हलत नव्हता. माझ्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं.

"खंय धावतात इतक्या पावसात?" चंद्रभागेने विचारलं. "कोणाक काय झाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज."

जयरामने माझ्या भिजलेल्या अंगाकडे पाहिलं. त्याला कळलं. तो पुन्हा दोराकडे वळला.

"इल्यात तर मगे जरा ह्या टोक धरा," चंद्रभागा म्हणाली. "आज आमची एक बाय कमी आसा."

तिने माझ्या हातात रहाटाजवळचं सुंभाचं टोक दिलं. ओलसर, खरबरीत, जिवंत काहीतरी धरावं तसं. मग ती काथ्या सोडत मागे जायला लागली. रहाटाची घरघर, वाऱ्याचा आवाज, आणि ती माझ्यापासून दूर दूर, त्या लांब वखारीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या हातात पीळ चढत गेला.

"सोडू नकात हां, भाऊनू!" तिथून तिने हाक दिली.

मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.